घरच्या गाडीला हिवाळी टायर घ्यावेत की बारमाही?

"तुमच्याकडे बर्फ किती पडतो?" टायरच्या दुकानात पहिला प्रश्न हाच येतो आणि निवड तिथूनच चुकायला लागते. बर्फ वर्षातून दहा दिवस पडत असेल आणि त्या दहाही दिवशी तुम्ही घरी बसू शकत असाल, तर तो बर्फ तुमच्या टायरचा विषयच नाही. उलट दोनच दिवस पडत असेल, पण घरात कुणाची रात्रपाळी असेल किंवा आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागत असेल, तर ते दोन दिवस बाकीच्या ३६३ दिवसांवर भारी पडतात. म्हणून मी प्रश्न असा विचारतो: वर्षातल्या सगळ्यात वाईट सकाळी तुम्हाला "आज नाही जमणार" असं म्हणता येतं का?

इथे दोनच पर्यायांचा विचार केला आहे. एक, थंडीपुरते लावायचे हिवाळी टायर, म्हणजे उन्हाळ्यासाठी दुसरा सेट आलाच. दुसरा, वर्षभर गाडीवरच राहणारे ऑल-सीझन टायर. त्यांना मी बारमाही म्हणणार आहे. उन्हाळी टायरवरच थंडी काढायची, हा तिसरा मार्ग बरेच जण पत्करतात. पारा शून्याच्या आसपास जात असेल तिथे तो मी पर्याय म्हणून धरतच नाही.

पायरी १: मागचा हिवाळा कागदावर उतरवा

सगळा हिवाळा नको, गाडी काढताना पोटात गोळा आला तेवढेच दिवस लिहा. कुठे जायचं होतं, किती वाजता, रस्ता कसा होता. ओला की नुसता गार, ताजा भुसभुशीत बर्फ, चाकांखाली दाबून कडक झालेला बर्फ, की अर्धवट वितळलेला रबडा. प्रत्येकावर टायर वेगळा वागतो, त्यामुळे "बर्फ होता" एवढं लिहून भागणार नाही.

हे करताना दुपारचं तापमान बाजूला ठेवा. गाडी सकाळी सातला निघते, तेव्हाचा पारा पाहिजे. दिवसाची सरासरी आठ अंश दिसते आणि पहाटे मात्र रस्त्यावर गुळगुळीत बर्फाची काच पसरलेली असते. गावाच्या सरासरीपेक्षाही आपला नेहमीचा रस्ता महत्त्वाचा. पुलाखालूनही वारा वाहतो, म्हणून पूल बाकीच्या रस्त्याच्या आधी गोठतो. डोंगराच्या सावलीतलं वळण दुपारपर्यंत सुटत नाही. बर्फ हटवणारी गाडी मुख्य रस्ता साफ करते खरी, पण तुमच्या गल्लीत यायला तिला शाळा सुटायची वेळ होते.

आता प्रत्येक दिवसापुढे एक खूण करा: जाणं टाळता आलं असतं की नसतं. कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: थंडीत रबराचं काय होतं ते हाताने बघा

घरातला खोडरबर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी काढल्या काढल्या वाकवून बघा. मग पाच मिनिटं मुठीत धरून पुन्हा वाकवा. टायरचंही असंच होतं. डांबर लांबून सपाट दिसलं तरी जवळून खडबडीत असतं आणि मऊ रबर त्या खाचखळग्यांत शिरून रस्ता धरतं. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावं म्हणून घडवलेलं असतं. गारठ्यात ते ताठरतं आणि खाचांत न शिरता वरून निसटतं. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच असं असतं, त्यात सिलिकाही असते, की शून्याखालीही त्याची लवचिकता टिकते.

सात अंश सेल्सियसचा आकडा तुम्ही ऐकला असेल: पारा सातच्या खाली राहायला लागला की हिवाळी टायर लावा. तो अंदाज म्हणून चांगला आहे, पण सात अंशांवर कुठलं बटण दाबलं जात नाही. सहा अंशांच्या कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर अजूनही नीट थांबतो. फरक हळूहळू वाढत जातो आणि बर्फ दिसला की एकदम अंगावर येतो.

नक्षीचं काम वेगळं. हिवाळी टायरच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांवर ब्लेडने चिरे मारल्यासारख्या बारीक नागमोडी रेघा असतात, त्यांना साइप म्हणतात. गाडीच्या वजनाने ठोकळा किंचित वाकतो, त्या रेघा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला ओरखडतात. मोठ्या खाचा मात्र बर्फ पकडून ठेवण्यासाठी असतात. हे उलटं वाटेल, पण बर्फाला सगळ्यात घट्ट चिकटतो तो बर्फच. बर्फाचा गोळा वळताना हे हाताला कळतं. खाचांत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. फिनलंडच्या रबर कारखान्याने, आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वजाने, १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हिवाळी टायर काढले, तेव्हापासून नक्षीचा हा धागा चालत आला आहे.

या मऊपणाची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. तापलेल्या डांबरावर हिवाळी टायरचे ठोकळे डुलतात, स्टिअरिंग किंचित उशिरा ऐकतं, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि रबर पेन्सिलीसारखं झिजतं. "आता झिजवूनच टाकू" म्हणून हिवाळी टायर उन्हाळाभर चालवणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. मुलांना घेऊन सुट्टीत हायवेवर लांब जाता ते त्याच दिवसांत.

बारमाही टायर या दोघांच्या मधला. बर्फावर उन्हाळी टायरपेक्षा कितीतरी चांगला पण हिवाळीपेक्षा कमी. उन्हात हिवाळीपेक्षा चांगला पण उन्हाळीपेक्षा कमी. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा करावी.

पायरी ३: टायरशेजारी उकिडवे बसा आणि कडेवरचं वाचा

हा भाग टाळू नका. टायरच्या जाहिरातीत काय लिहिलंय यापेक्षा त्याच्या कडेवर काय छापलंय ते खरं.

आधी एम प्लस एस ही अक्षरं शोधा. चिखल आणि बर्फ यांची ती इंग्रजी आद्याक्षरं. हा शिक्का कंपनी स्वतःच मारते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. खाचा थोड्या मोकळ्या असल्या की पुरतं. माझ्या पहिल्या जुन्या गाडीवर असेच टायर होते आणि मी त्या अक्षरांवर विसंबून निर्धास्त होतो. एका सकाळी पार्किंगच्या उतारावर ब्रेक पूर्ण दाबलेला, पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, घरघर, आणि गाडी माणसाच्या चालीने निवांत खाली चाललेली. मागून मुलीने विचारलं, "बाबा, आपण थांबलोय की चाललोय?" कठड्याला टेकून थांबलो. नुकसान बंपरचं आणि माझ्या आत्मविश्वासाचं.

बघायचं चिन्ह दुसरंच: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. उत्तर अमेरिकेत ते १९९९ मध्ये आलं. ते मिळवायला टायरला दाबून बसवलेल्या बर्फावर ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात सरस ठरावं लागतं. चाचणी सरळ रेषेतली असते. वळणावरची पकड त्यात येत नाही, गुळगुळीत बर्फावरचीही नाही. म्हणजे हा शिक्का "पास" एवढंच सांगतो, गुणपत्रिका दाखवत नाही. पस्तीस गुणांवर सुटलेला बारमाही आणि पंच्याण्णव मिळवणारा हिवाळी, दोघांच्या कडेवर तोच डोंगर असतो.

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरच्या लेबलवर मे २०२१ पासून आणखी एक चिन्ह येतं: बर्फाच्या सुळक्याचं. ते काचेसारख्या बर्फावरची पकड दाखवतं. तुमच्या कागदावर "काच" हा शब्द पुन्हा पुन्हा आला असेल तर हे शोधा. त्याच लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ए ते ई अशी श्रेणीही असते. ज्यांचा हिवाळा मुख्यतः गार पावसाचा असतो त्यांनी आधी ती बघावी.

नावांचा गोंधळही इथेच उरकून घेऊ. उत्तर अमेरिकेत ऑल-सीझन म्हणून विकले जाणारे बरेच टायर फक्त एम प्लस एसवाले असतात. गुडइयरने १९७७ मध्ये टिएम्पो आणून ही जात तिथे रुजवली. ते खरं तर तीन ऋतूंचे टायर, चौथ्यात ते कसेबसे निभावतात. तिथे डोंगराचं चिन्ह असलेल्या वर्षभराच्या टायरला ऑल-वेदर म्हणतात. युरोपात मात्र ऑल-सीझन म्हटलं की सहसा डोंगराचं चिन्ह असलेलाच टायर समोर येतो. मिशेलिनने २०१५ मध्ये क्रॉसक्लायमेट आणला, हिवाळी चाचणी पास झालेला पण मुळात उन्हाळी वळणाचा, आणि त्यानंतर या वर्गात चुरस खूप वाढली. त्यामुळे कुणी परदेशातून "ऑल-सीझन बर्फात बेकार" म्हणालं आणि दुसरं कुणी "मस्त चालतात" म्हणालं, तर दोघंही खरं बोलत असतील. टायरच वेगळे. या लेखात बारमाही म्हणजे डोंगराचं चिन्ह असलेलाच. ते नसेल तर मी तो थंडीसाठी धरत नाही.

हिवाळी टायरमध्येही दोन घराणी आहेत, हे दुकानात क्वचितच कुणी सांगतं. मध्य युरोपच्या हवेसाठी बनवलेले थोडे कडक असतात; ओल्या हायवेवर आणि वेगात ते जमून बसतात, त्यांची वेगमर्यादाही जास्त असते. उत्तरेकडच्या देशांसाठी बनवलेले फारच मऊ असतात. महिनोन्‌महिने बर्फ हटत नाही तिथे ते राजे, पण पाच अंशांच्या पावसात त्यांचा ब्रेक लांब जातो. मऊ म्हणजे जास्त चांगला असं समजून दुसरे घेणारे फसतात.

पायरी ४: पकडीचा हिशोब मीटरमध्ये करा

पकड हा शब्द पोकळ आहे, तो मीटरमध्ये मांडला की उमजतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचा आकडा, ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर चांगल्या टायरने ०.३ मिळाला तर ३३ मीटर लागतात. कमी पकडीच्या टायरने ०.२ मिळाला तर ४९. काचेसारख्या बर्फावर ०.१ असेल तर ९८. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी १४ मीटर, यात धरलेला नाही.

आता ०.३ आणि ०.२ च्या दोन गाड्या शेजारी शेजारी धावतायत असं समजा. दोघी एकाच क्षणी ब्रेक मारतात. पहिली ३३ मीटरवर उभी राहते. त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी २९ किलोमीटर असतो. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण कुठलीही चाचणी वाचताना हाच विचार करा: चांगला टायर थांबला त्या जागी दुसऱ्याचा वेग किती उरला होता.

आणि फोर व्हील ड्राइव्ह? ते गाडी हलवायला मदत करतं. थांबवायला चारही चाकांचे ब्रेक सगळ्याच गाड्यांना असतात. एबीएस आणि घसरण आवरणारी यंत्रणा टायरकडे असलेली पकड नीट वाटून वापरतात, नवी निर्माण करत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट फोर व्हील ड्राइव्हवाला झपकन वेग घेतो आणि रस्ता बरा आहे असं त्याला वाटतं, हा त्यातला खरा धोका.

बर्फाची एक खोड मात्र लक्षात ठेवा. तो सगळ्यात निसरडा शून्याच्या आसपास असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीसला तोच बर्फ बराच धरतो. म्हणून "आमच्याकडे काही फार थंडी नसते, शून्य-एक असतं" हे वाक्य ऐकलं की मी जास्त सावध होतो.

पायरी ५: कागद पुढे घ्या आणि ठरवा

बहुतेक घरं तीनपैकी एका गटात बसतात.

हिवाळा म्हणजे गार पाऊस, पहाटेचं दव गोठणं आणि वर्षातून चार-पाच दिवस बर्फ. गाडी मुख्यतः शहरात, आणि बर्फाच्या दिवशी घरून काम करता येतं किंवा बस मिळते. इथे मी दुसरा विचार न करता बारमाही घेईन. या हवेत त्यांची दुबळी बाजू क्वचितच पुढे येते. शिवाय ऑक्टोबरात अचानक गारठा पडला तरी टायर आधीच लावलेले असतात. दोन सेट असलेली बरीच मंडळी पहिल्या बर्फाच्या दिवशी उन्हाळी टायरवर अडकलेली असतात, कारण बदलून घ्यायची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळालेली असते.

दुसरा गट: बर्फ आठवडेच्या आठवडे रस्त्यावर राहतो, किंवा घर चढावर आहे, किंवा दर शनिवारी डोंगरात जाणं होतं. इथे हिवाळी टायर. कागदावर "टाळता आलं नसतं" अशा तीन-चार खुणा असतील आणि रस्ता दाबलेल्या बर्फाचा किंवा काचेचा असेल, तर बर्फाचे दिवस मोजत बसू नका, हिवाळीच घ्या.

तिसरा गट सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड: हिवाळा एका वर्षी नुसता पावसाचा, पुढच्या वर्षी महिनाभर बर्फाचा. इथे मी वर्षाचे किलोमीटर विचारतो आणि त्याचं कारण लोकांना पटकन लक्षात येत नाही. समजा टायरचा सेट ४०,००० किलोमीटर चालतो. वर्षाला २०,००० चालवणाऱ्याचे दोन सेट अर्धे-अर्धे वापरून चार वर्षांत संपतात. रबर ताजं असतानाच पुरेपूर वापरलं गेलं, पैसे वसूल. वर्षाला ८,००० चालवणाऱ्याला तेच दोन सेट संपवायला दहा वर्षं लागतील. तोवर नक्षी दिसते छान, पण रबर वयाने कडक झालेलं असतं. हिवाळी टायर घेण्याचं कारणच ते मऊ रबर होतं! कमी फिरणाऱ्याने म्हणूनच बारमाही घ्यावेत आणि ते वेळेवर बदलावेत. जास्त फिरणाऱ्याचा दोन सेटांचा जादा खर्च टायरवर फारसा होत नाही, कारण एक वापरात असताना दुसरा झिजत नाही. खर्च होतो तो जादा रिम, अदलाबदल आणि साठवणीची जागा यांवर.

जागेचा प्रश्न थट्टेचा नाही. चार चाकं बाल्कनीत ठेवायची झाली तर घरातल्यांशी आधी बोलून घ्या.

आणखी दोन गोष्टी पारडं झुकवतात. उन्हाळा चाळीस अंशांच्या आसपास जाणारा आणि गाडी भरून लांबचे प्रवास असतील तर बारमाही लवकर झिजतील. दोन सेट बरे. गाडी विजेवर चालणारी असेल तर ती वजनदार असते आणि पहिल्या क्षणापासून जोर लावते, त्यामुळे टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, नीट तपासावा लागतो. घरंगळण्याला जास्त विरोध करणारा टायर घेतलात तर एका चार्जमध्ये जाणारं अंतरही घटतं.

पायरी ६: कायदा बघा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण आधी करा. जर्मनीत ठरावीक तारखा नाहीत; रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर योग्य टायर हवेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम प्लस एस चालत नाही, डोंगराचं चिन्ह लागतं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ आहे आणि हिवाळी टायरच्या नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर लागते. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, किमान ३ मिलिमीटर. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च. खिळे असलेले टायर स्वीडन-फिनलंडमध्ये चालतात, जर्मनीत जवळजवळ सगळीकडे बंद आहेत. डोंगराचं चिन्ह असलेले बारमाही यातल्या बहुतेक ठिकाणी कायद्यात बसतात, पण सुट्टीत सीमा ओलांडणार असाल तर पलीकडचाही नियम वाचून जा. तुमच्याकडे असा कायदाच नसेल तर त्याचा अर्थ टायरची गरज नाही असा होत नाही.

पायरी ७: खरेदी

चारही टायर एकसारखे घ्या. "पुढची चाकं ओढतात, तर पुढे दोन हिवाळी लावून टाकू" हा बेत दिसतो शहाणपणाचा, आहे घातक. पुढचा भाग रस्ता धरतो, मागचा धरत नाही, आणि वळणावर ब्रेक लावला की गाडीची शेपटी पुढे यायला बघते. घरच्या गाडीत मागच्या सीटवर कोण बसतं ते आठवा.

माप गाडीच्या दारावरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना एकापेक्षा जास्त मापं मान्य असतात. हिवाळी सेटसाठी मान्य मापांतलं अरुंद आणि लहान रिमचं माप घेणं मला आवडतं. या मापांत पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २०५/५५ आर १६ च्या जागी १९५/६५ आर १५ मान्य असेल तर बाहेरचा व्यास ६३२ मिलिमीटरवरून ६३४ च्या आसपास जातो, म्हणजे स्पीडोमीटरला कळणारही नाही. पण अरुंद टायर रबड्यातून नीट खाली उतरतो, उंच कडा खड्ड्यांत रिम वाचवते, आणि हे माप सहसा स्वस्तही पडतं. पुढच्या ब्रेकवर १५ ची रिम बसते का हे मात्र विचारून घ्या.

मापानंतरचा आकडा आणि अक्षरही बघा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर. भारांक कधीही कमी घेऊ नका. वेगाचं अक्षर हिवाळी टायरला एक पायरी खाली चालवून घेणारे देश आहेत, पण तिथे त्या मर्यादेचा स्टिकर चालकासमोर लावावा लागतो.

मग टायरच्या कडेवर डीओटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते. ३८२४ म्हणजे २०२४ सालचा अडतिसावा आठवडा. दुकानात वर्षभर नीट ठेवलेला टायर खराब होत नाही, पण चार वर्षांचा "नवा" टायर सवलतीत मिळतोय म्हणून घेऊ नका, हिवाळी तर नाहीच.

हिवाळी सेटला वेगळ्या रिम घ्या, असं मी दरवेळी सांगतो. एकाच रिमवरून टायर दरवर्षी दोनदा काढत-घालत राहिलं की त्याची आतली कड दुखावते. वेगळ्या रिम असतील तर जॅक आणि पान्हा घेऊन तासाभरात स्वतः बदलता येतात. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर गाडीत असतील तर दुसऱ्या सेटलाही ते लागतील, हा खर्च आधीच धरा.

पायरी ८: बसवणं आणि सांभाळणं

हिवाळी टायर सकाळचा पारा सातच्या खाली स्थिरावायच्या आधी दोन आठवडे लावा, वसंतात तो पुन्हा वर स्थिरावला की उतरवा. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर प्रत्येक चाकाशी बसून बघा. माझ्या गाडीचा एक टायर घाईत उलट्या दिशेने बसवला गेला होता आणि मला ते तीन आठवड्यांनी गाडी धुताना दिसलं. खाचा पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढत होत्या. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा ठरल्या जोराने आवळा. पहिले काही शे किलोमीटर नवा टायर थोडा निसरडा असतो, तेव्हा ब्रेकची परीक्षा घेऊ नका.

हवेकडे थंडीत जास्त लक्ष लागतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बार, म्हणजे दीड पीएसआयच्या आसपास, घटतो. वीस अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये २.३ बार भरून उणे दहात रात्रभर ठेवलेली गाडी सकाळी २.० च्या आसपास दाखवते. टायर गळत नाही, हवा आकसली आहे. गाडी गार असताना, बाहेर, महिन्यातून एकदा तरी मोजा.

नक्षी नव्या हिवाळी टायरला ८-९ मिलिमीटर असते. कायद्याची १.६ ची मर्यादा बऱ्याच देशांत सारखीच आहे, पण चारच्या खाली गेलेला टायर बर्फात हिवाळी राहत नाही. बारमाहीलाही हेच लागू, आणि तिथे हे जास्त विसरलं जातं, कारण तो कधी उतरतच नाही. दर १०,००० किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करा. झीज सारखी राहते आणि चारही एकदम बदलता येतात. मध्येच दोनच नवे घ्यायची वेळ आली तर जास्त नक्षीचे मागे लावा, गाडीला ओढणारी चाकं पुढची असली तरीही.

बारमाहीवाल्यांनी डिकीत साखळ्या ठेवाव्यात, तुमच्या मापाला साखळी चालते का ते पुस्तिकेत बघून. आणि घरच्या कोरड्या अंगणात एकदा बसवून बघाव्यात. अंधारात, गार बोटांनी, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे. साखळ्या ओढणाऱ्या चाकांवर जातात, आणि त्या लावल्यावर ताशी ५० च्या वर जायचं नाही.

उतरवलेला सेट धुऊन, वाळवून, अंधाऱ्या गार जागेत ठेवा. रिमसकट असेल तर एकावर एक आडवा, नुसता टायर असेल तर उभा. ठेवण्याआधी खडूने प्रत्येकावर जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. त्याखाली उरलेली नक्षी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि चार किंवा कमी असेल तर मोठ्या अक्षरांत "पुन्हा नको". सहा महिन्यांनी पहिल्या गारठ्यात, घाईत, ते कुणालाही आठवत नाही.